जुना डिजिटल कॅमेरा अडला, तर आधी कुठे बघायचं?

खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा अडला की स्क्रीनवर एखादी ओळ उमटते. ‘लेन्स एरर’, ‘कार्ड लॉक्ड’, ‘चेंज द बॅटरी’. कधी काहीच उमटत नाही. आपण ती ओळ वाचतो आणि लेन्सच गेली, कार्डच गेलं असं धरून चालतो. असे कितीतरी कॅमेरे मग कायमचे कपाटात जातात. खरं तर कॅमेऱ्याला फक्त लक्षण कळतं. लेन्स ठरलेल्या वेळात ठरलेल्या जागी पोचली नाही, एवढंच त्याला समजतं. ती वाळूने अडली, पडल्यामुळे वाकडी झाली की सेलमध्ये दमच नव्हता, हे त्याला सांगता येत नाही. ते आपण शोधायचं असतं. योग्य क्रमाने शोधलं, तर पुष्कळदा स्क्रू ड्रायव्हर हातात न घेताही कॅमेरा पुन्हा चालू लागतो.

जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि त्यातले बहुतेक असे छोटेखानी होते. पुढे फोनमधले कॅमेरे सुधारत गेले आणि हे मागे पडले. पण आपल्याकडच्या कितीतरी बारशांचे, मुंजींचे, अष्टविनायकाच्या सहलींचे फोटो अजूनही त्यांच्या कार्डांवरच आहेत. शिवाय आता कॉलेजातली मुलं आईबाबांचे हेच कॅमेरे हौसेने बाहेर काढू लागली आहेत. एखादा चालू होऊ शकणारा कॅमेरा केवळ माहिती नाही म्हणून भंगारात जावा, हे मला मनापासून नको वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. कॅमेरा उघडू नका. फ्लॅशसाठी आत वीज साठवून ठेवणारा एक कपॅसिटर असतो. तो साधारण ३०० व्होल्टपर्यंत भारलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही बराच वेळ तसाच राहू शकतो. त्याचा झटका जोरदार बसतो. खाली जे काही सांगतो आहे ते सगळं बाहेरून करायचं आहे.

सगळ्यात आधी वीज

कॅमेरा सर्वांत जास्त वीज खातो तो सुरू होताना. मोटर लेन्स बाहेर ढकलते, स्क्रीन उजळते, फ्लॅशचा कपॅसिटर भरू लागतो, आणि हे सगळं दोन-चार सेकंदांत. भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालणारा साधा पेन्सिल सेल इथे मान टाकतो. त्याच्यात वीज असते, पण एवढी वीज एका दमात देण्याची ताकद नसते. भार पडला की त्याचं व्होल्टेज घसरतं आणि कॅमेरा ‘सेल संपले’ असं समजून बंद होतो. कधी लेन्स अर्ध्यावर असतानाच वीज कमी पडते, आणि मग स्क्रीनवर लेन्सची चूक दिसते. दोष मात्र सेलचा असतो.

निकॉनच्या कूलपिक्स एल मालिकेतले, कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतले आणि कोडॅकचे बरेचसे कॅमेरे दोन पेन्सिल सेलवर चालतात. त्यांत निकेल-मेटल हायड्राइडचे रीचार्जेबल सेल वापरा. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, एकदाच वापरायच्या अल्कलाइन सेलवर १.५. आकडा कमी दिसला तरी भार आल्यावर हे सेल टिकून राहतात. मात्र या प्रकारचे जुन्या पद्धतीचे सेल नुसते पडून राहिले तरी काही आठवड्यांत बरेच उतरतात. २००५ साली सान्योने एनेलूप नावाने न उतरणारे, म्हणजे फार हळू उतरणारे सेल आणले. आता तसे सेल अनेक कंपन्यांचे मिळतात. कॅमेरा अधूनमधूनच वापरायचा असेल तर तेच घ्यावेत. आणि दोन्ही सेल एकाच जोडीचे, एकाच वेळी चार्ज केलेले असू द्या. एक भरलेला आणि एक अर्धा असेल, तर अर्धा आधी संपतो आणि कॅमेरा बंद पडतो. काही कॅमेऱ्यांत, विशेषतः कूलपिक्स एलमध्ये, सेलचा प्रकार मेनूत निवडावा लागतो. तिथे अल्कलाइन निवडलेलं असेल आणि आत रीचार्जेबल असतील, तर उरलेल्या चार्जचा अंदाज चुकतो.

सेल आतच विसरले गेले असतील तर झाकण उघडल्यावर पांढरी किंवा हिरवट पूड दिसते. अल्कलाइन सेल गळला की ही पूड धातूच्या पट्ट्यांवर जमते आणि वीज अडते. कापूस गुंडाळलेल्या काडीचं टोक व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात किंचित ओलं करून पट्ट्या पुसाव्यात, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावं. थेंब आत गळता कामा नये. पूड हाताला लागली तर हात धुवा. डोळ्यांना अजिबात लागू देऊ नका.

चपट्या लिथियम बॅटरीचं गणित वेगळं आहे. पूर्ण चार्ज झाल्यावर ती ४.२ व्होल्टच्या आसपास असते. वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली की आतलं संरक्षक सर्किट तिला बंद करतं. मग चार्जरवरचा दिवा भराभर लुकलुकतो किंवा लागतच नाही. अशा बॅटरीला बाहेरून वीज देऊन जागं करण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील, पण त्या करू नका. इतकी उतरलेली बॅटरी चार्ज करताना तापू शकते. नवी घेणं हाच मार्ग. बॅटरी फुगून कप्प्यात अडकली असेल तर चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उपसू नका. तिला भोक पडलं तर आग लागू शकते. कॅमेरा उलटा धरून हलक्या हाताने तळहातावर आपटा, नाही निघाली तर दुकानात न्या. आणि जी बॅटरी चांगली आहे ती कॅमेरा ठेवून देताना निम्म्याच्या आसपास चार्ज करून, बाहेर काढून ठेवा.

बॅटरी भरलेली आहे, पट्ट्या स्वच्छ आहेत, तरी कॅमेरा एकदम मेल्यासारखा असेल, तर बॅटरीच्या झाकणाकडे बघा. बऱ्याच मॉडेलांत झाकणाला आतून एक बारीक प्लॅस्टिकचा खुंट असतो. झाकण लागलं की तो एक छोटा खटका दाबतो आणि तेव्हाच कॅमेऱ्याला वीज सोडली जाते. खुंट तुटला की झाकण लागलेलं दिसत असूनही कॅमेऱ्याच्या लेखी ते उघडंच असतं. झाकण बोटाने घट्ट दाबून धरून बटण दाबलं आणि कॅमेरा सुरू झाला, तर रोग सापडला.

दर वेळी तारीख विचारली जाते, ही तक्रारही विजेचीच आहे. तारीख सांभाळायला आत एक वेगळी छोटी बॅटरी असते. कॅननच्या काही मॉडेलांत ती सीआर१२२० नावाची बटणासारखी बॅटरी असते आणि बदलता येते. इतर अनेक कॅमेऱ्यांत ती आत पक्की बसवलेली असते आणि मुख्य बॅटरीकडून भरते. भरलेली मुख्य बॅटरी साधारण एक दिवस कॅमेऱ्यात ठेवली की तारीख टिकू लागते. तारीख न लावता फोटो काढले तर ते फोनमध्ये भलत्याच वर्षात जाऊन बसतात आणि शोधूनही सापडत नाहीत, तेव्हा हे दोन मिनिटांचं काम आधीच करा.

लेन्स अडकते तेव्हा

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि सर्वांत जास्त कॅमेरे हिच्यामुळेच टाकून दिले जातात. कॅननच्या जुन्या मॉडेलांवर ‘ई१८’ एवढंच यायचं, नंतरच्या मॉडेलांवर ‘लेन्स एरर, रीस्टार्ट कॅमेरा’ असं येऊ लागलं. सोनीवर ‘सी:३२’ने सुरू होणारा आकडा आला तर हार्डवेअरमध्ये अडचण आहे, बंद करून पुन्हा सुरू करा, असा त्याचा अर्थ. ‘ई:६१’ किंवा ‘ई:६२’ आलं तर मेनूतून सगळ्या सेटिंग पूर्ववत करून बघायच्या. तरीही तेच येत राहिलं तर दुरुस्तीशिवाय इलाज नाही.

लेन्सची नळी म्हणजे एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी दोन-तीन प्लॅस्टिकची कडी असतात. त्यांच्या आतल्या तिरप्या खाचांतून खुंट सरकतात, एक चिमुकली मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने त्यांना फिरवते आणि नळी बाहेर येते. कुठवर आली हे एक प्रकाश-संवेदक सांगतो. ठरलेल्या वेळात तो खूण देत नसेल, तर दाते तुटू नयेत म्हणून कॅमेरा स्वतःहून थांबतो. म्हणजे ‘लेन्स एरर’ येणं ही एका अर्थी चांगली गोष्ट आहे. मोटर जबरदस्ती करत नाहीये.

आता कारणं. पहिलं, वीज. त्याविषयी वर आलंच आहे. भरलेली बॅटरी घालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरं, कण. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू कड्यांमधल्या बारीक फटीत शिरते आणि एखादा कण खुंटापाशी बसला तरी नळी अडते. आपल्याकडे वाळूइतकाच गुलालही जबाबदार आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा रंगपंचमीला उघडलेली लेन्स बंद होताना फटीतली ती बारीक पूड आत ओढून घेते. अशा ठिकाणी कॅमेरा पारदर्शक पिशवीत घालून, फक्त लेन्ससमोर छिद्र ठेवून वापरावा. तिसरं कारण म्हणजे पडणं. बाहेर आलेल्या लेन्सवर कॅमेरा आपटला की कडं खाचेतून निसटतं आणि नळी एका बाजूला कलते. आणि चौथं फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. खिशात किंवा पर्समध्ये बटण चुकून दाबलं जातं, लेन्स कापडाला ढुसण्या देत राहते आणि दाते झिजतात. कडक पाऊच वापरला तर हे सहज टळतं.

कण अडकला असेल तर कॅमेरा उलटा, लेन्स जमिनीकडे करून धरा आणि रबरी फुग्याच्या ब्लोअरने फटीभोवती हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार काचेवर बसतात. मग कडक कागदाची कड, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची, फटीतून हळूच गोल फिरवा. कण आत ढकलायचा नाही, बाहेर काढायचा आहे, त्यामुळे मधूनमधून पुन्हा हवा मारत राहा. नळी कललेली असेल तर कॅमेरा सुरू करताना खाली गेलेल्या बाजूला बोटाने हलका आधार द्या. कधीकधी टिक असा आवाज येऊन कडं खाचेत बसतं. यात धोका आहे हे स्पष्ट सांगतो. जोर लावला तर जे वाचलं असतं तेही तुटतं. म्हणून हा प्रयत्न, कॅमेरा नाहीतरी टाकूनच द्यायचा आहे अशा अवस्थेतच करावा.

एक मात्र कधीही करू नका. तेल. शिवणयंत्राचं, खोबरेल किंवा फवारा मारायचं, कुठलंच नाही. या नळीला बाहेरून असं तेल लागत नाही. त्यात घातलेलं तेल पसरत जाऊन काचांवर आणि शटरच्या, म्हणजे प्रकाश सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेच्या, पात्यांवर पोचतं, आणि मग दुरुस्तीवालाही हात टेकतो.

फोटोचे फक्त कोपरे काळे येत असतील तर लेन्ससमोरची झडप बघा. त्या दोन-चार पातळ पाकळ्या पूर्ण उघडत नसतात. हवा मारून आणि बोटाच्या टोकाने अलगद बाजूला सारून त्या बहुधा मोकळ्या होतात.

फोटो काळा, जांभळा किंवा रेघारेघांचा

इथे एक चाचणी आहे आणि ती मला फार उपयोगी वाटते. कार्डावरचा आधी काढलेला, चांगला फोटो कॅमेऱ्यातच उघडा. तो नीट दिसला आणि मेनूही स्वच्छ दिसला, तर स्क्रीन ठीक आहे, बिघाड प्रकाश टिपणाऱ्या भागात आहे. जुना फोटो आणि मेनूही दिसत नसेल, तर बिघाड स्क्रीनचा. तेव्हा अंधारात स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारा. अक्षरं पुसट दिसली तर फक्त मागचा दिवा गेलेला आहे, आणि कॅमेरा फोटो काढतोही आहे.

प्रकाश टिपणारी चिप म्हणजे सेन्सर. २०१० च्या आधीच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत तो सीसीडी प्रकारचा असायचा. ऑक्टोबर २००५ मध्ये कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, ऑलिंपस, कोनिका मिनोल्टा अशा अनेक कंपन्यांनी एकापाठोपाठ जाहीर केलं, की त्यांच्या काही मॉडेलांतल्या सोनीने बनवलेल्या सीसीडीत दोष आहे. सोनीचे स्वतःचे कॅमेरेही त्या यादीत होते. सेन्सरच्या आतल्या केसासारख्या तारांची जोडणी सुटत असे, आणि ती उष्ण व दमट हवेत लवकर सुटत असे. फोटो जांभळट, विरघळल्यासारखे किंवा पूर्ण काळे येत. कंपन्यांनी तेव्हा ते सेन्सर विनामूल्य बदलून दिले. तुमच्याकडे २००३-०५ च्या आसपासचा कॅमेरा असेल आणि मेनू स्वच्छ पण चित्र जांभळं असेल, तर बहुधा हाच आजार आहे. मुंबई-कोकणाच्या हवेत तो होणं स्वाभाविकच. घरी त्यावर उपाय नाही.

दुसरा प्रकार वेगळा. घरात फोटो बरे येतात, पण उन्हात काढलेला प्रत्येक फोटो पांढराफटक आणि रेघांचा येतो, व्हिडिओ मात्र ठीक. याचा अर्थ शटरची पाती उघडीच अडकली आहेत. घरात प्रकाश कमी असल्याने ते लपून जातं. उलट, स्क्रीनवर काळोख, फोटो आणि व्हिडिओही काळे, पण फ्लॅश मात्र पडतो आहे, असं असेल तर पाती बंद अवस्थेत अडकली असण्याची शक्यता जास्त.

सूर्याकडे किंवा दिव्याकडे कॅमेरा वळवल्यावर स्क्रीनवर उभी जांभळट किंवा पांढरी पट्टी दिसते, पण काढलेल्या फोटोत ती नसते, हा बिघाड नाही. सीसीडीचा तो स्वभाव आहे. एका बिंदूवर फार प्रकाश पडला की तिथला विद्युतभार त्या पूर्ण रांगेत सांडतो.

कार्डाच्या तक्रारी

दुकानातून नवं ६४ जीबीचं कार्ड आणलं आणि कॅमेरा ते ओळखतच नाही, असं हमखास होतं. एसडी कार्डांच्या तीन पिढ्या इथे लक्षात घ्यायच्या. साधं एसडी २ जीबीपर्यंत, २००६ पासूनचं एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, आणि २००९ पासूनचं एसडीएक्ससी त्याच्या पुढे. तिन्ही दिसायला सारखी, खाचेत बसतातही सारखीच. पण जुन्या कॅमेऱ्याला पुढच्या पिढीचं कार्ड वाचता येत नाही. २००५ च्या आसपासच्या कॅमेऱ्याला २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड लागतं, २००८-०९ च्या कॅमेऱ्याला ८ किंवा १६ जीबीचं बहुधा चालतं. कार्डावरचं चिन्ह आणि कॅमेऱ्याच्या खाचेजवळचं चिन्ह जुळवून बघा. सोनीचे २०१० च्या आधीचे कॅमेरे मेमरी स्टिक मागतात, ऑलिंपस आणि फुजीफिल्मचे त्या काळातले बरेचसे एक्सडी कार्ड. ती आता सेकंड हँडच शोधावी लागतात.

‘कार्ड लॉक्ड’ आलं तर कार्डाच्या कडेला असलेली बारीक पट्टी वर सरकवा. ती पट्टी कार्डाच्या आत कशालाही जोडलेली नसते. तिची जागा कॅमेऱ्यातला खटका चाचपतो, एवढंच. त्यामुळे पट्टी तुटून पडली तर कार्ड कायमचं ‘लॉक’ दिसतं, आणि त्या खाचेवर पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला की पुन्हा चालतं. सोनीवर ‘सी:१३’ने सुरू होणारा आकडा कार्ड वाचता येत नसल्याचा असतो. कार्डाचे सोनेरी पट्टे कोरड्या मऊ कापडाने पुसा, दुसरं कार्ड घालून बघा. मायक्रोएसडी आणि अॅडॅप्टरची जोडी वापरत असाल तर आधी संशय अॅडॅप्टरवर घ्या.

कॅमेरा ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारत असेल तर घाईने होकार देऊ नका. आधी ते कार्ड कार्ड रीडरने कॉम्प्युटरला लावून बघा. पुष्कळदा कॅमेऱ्याला न दिसणारे फोटो तिथे दिसतात. आणि चुकून फोटो पुसले गेले असतील तर त्या क्षणापासून त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. पुसणं म्हणजे यादीतली नोंद काढणं. फोटो कार्डावर असतोच, त्याची जागा मोकळी समजली जाते आणि पुढचा फोटो त्यावर लिहिला जाऊ शकतो. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर असे फोटो परत मिळवून देतं. वापरायला थोडं रुक्ष आहे, पण काम चोख करतं. मिळालेले फोटो त्याच कार्डावर नाही, कॉम्प्युटरवर साठवायचे.

कॉम्प्युटरवर नाव बदललेला किंवा कापून लहान केलेला फोटो परत कार्डावर टाकला तर कॅमेरा तो दाखवत नाही. फोल्डर आणि फाइलची नावं ठरावीक साच्यात असतील तरच तो ओळखतो. फोटो खराब झालेला नसतो. कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला लावून काहीच होत नसेल तर केबल फक्त चार्जिंगची आहे का ते बघा. खरं तर कार्ड काढून रीडरने फोटो उतरवणंच बरं, कॅमेऱ्याची बॅटरीही वाचते.

कॅमेरा ठणठणीत, फोटो मात्र नाराज करणारे

छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच असतो. जुन्या फिल्मच्या एका चौकटीच्या जवळपास तिसाव्या भागाइतकं त्याचं क्षेत्रफळ. एवढ्याशा जागेवर घरातल्या दिव्यांचा प्रकाश फार थोडा पडतो. मग कॅमेऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात. शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे हात हलून फोटो फिसकटतो. किंवा आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवायची, म्हणजे फोटोत रवाळ ठिपके येतात. स्क्रीनवर हलणाऱ्या हाताचं चिन्ह दिसलं की पहिला पर्याय चालू आहे असं समजा. कॅमेरा टेबलावर, कठड्यावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टाइमर लावा. झूम करून लांबून काढण्यापेक्षा चार पावलं पुढे जा. पूर्ण झूम केल्यावर बऱ्याच छोट्या लेन्स सुरुवातीच्या जेमतेम पाव प्रकाश आत सोडतात. डिजिटल झूम तर बंदच ठेवा. त्यात फोटो नुसता कापून ताणलेला असतो.

शाळेच्या गॅदरिंगला प्रेक्षकांतून सगळीकडे फ्लॅश चमकतात. त्यांचा उजेड जेमतेम तीन मीटर जातो. पुढच्या रांगेतली डोकी लख्ख येतात आणि रंगमंच काळा. फ्लॅश बंद करा, रंगमंचावरचे दिवे पुरेसे असतात.

फोकस चुकत असेल तर बटण एका दमात दाबण्याची सवय सोडा. अर्धं दाबा, हिरवी चौकट येऊ द्या, मग पूर्ण दाबा. फार जवळून काढायचं असेल तर फुलाचं चिन्ह निवडा, आणि त्या वेळी झूम करू नका. छोटे कॅमेरे झूम न करता अगदी काही सेंटिमीटरांवर फोकस करतात, झूम केल्यावर तेच अंतर कित्येक पटींनी वाढतं.

फ्लॅशच्या फोटोत हवेत तरंगणारे पांढरे गोळे दिसले की काहींना त्यात दैवी काहीतरी वाटतं. ती धूळ असते, किंवा पावसाचे तुषार. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्याने समोरचे कण झगमगतात आणि फोकसबाहेर असल्याने गोल चकत्यांसारखे दिसतात. प्रत्येक फोटोत एकाच जागी काळपट डाग येत असेल तर मात्र धूळ सेन्सरवर आहे. मोकळ्या आकाशाचा फोटो झूम करून काढला की तो स्पष्ट दिसतो. लेन्सची नळी आतबाहेर होताना हवा ओढते, तिच्याबरोबर ती धूळ जाते. ती काढायला कॅमेरा उघडावाच लागतो.

ट्यूबलाइटखालच्या व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या कॅमेऱ्यात हे हमखास दिसतं, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची. मेनूत ५० हर्ट्झ किंवा ‘पाल’ (PAL, आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) निवडण्याची सोय असेल तर ती निवडा.

पावसाळा

कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर कॅमेऱ्याचा खरा शत्रू बुरशी. लेन्समध्ये टॉर्च मारून तिरपं बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात, आणि फोटो धुरकट येऊ लागतात. बुरशीतून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं, म्हणून उशिरा साफ केली तरी तिचे ठसे राहू शकतात. कॅमेरा कापडी किंवा चामडी पाऊचमध्ये, कपाटाच्या तळाशी ठेवणं म्हणजे तिला आमंत्रण. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते कधी वाळवायचं हे कळतं. तांदळात ठेवू नका, त्याचं पीठ फटींत शिरतं. आणि महिन्यातून एकदा तरी कॅमेरा काढून वापरा.

एसी खोलीतून किंवा गाडीतून दमट हवेत आल्यावर काचेवर धुकं धरतं. बाहेर पडण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि तो बाहेरच्या तापमानाला आल्यावरच काढा. धुकं धरलेलं असताना लेन्स आतबाहेर करू नका.

कॅमेरा पाण्यात पडलाच तर ‘चालतोय का’ हे बघायला बटण दाबण्याचा मोह आवरा. ओल्या सर्किटमधून वीज गेली की नुकसान होतं. आधी बॅटरी, मग कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली कित्येक दिवस वाळू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा नको. समुद्राचं पाणी असेल तर वाट न बघता दुरुस्तीवाल्याकडे न्या, मीठ काही तासांतही धातू खायला लागतं.

दुरुस्ती करावी की दुसरा घ्यावा?

लेन्सचे दाते तुटले असतील तर सहसा पूर्ण लेन्स-जोडच बदलावा लागतो, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलांचे नवे सुटे भाग मिळणं कठीण. चांगले कारागीर त्याच मॉडेलचा दुसरा बिघडलेला कॅमेरा घेऊन दोहोंतून एक उभा करतात. दुरुस्तीला देताना कार्ड काढून घ्या आणि नेमकं काय होतं ते सांगा. ‘बंद पडला’ यापेक्षा ‘भरलेल्या बॅटरीवर लेन्स अर्धी येते, टकटक आवाज येतो आणि बंद होते’ हे ऐकून त्याचं निम्मं काम होतं.

सेकंड हँड घेताना स्वतःचं कार्ड बरोबर न्या. लेन्स पाच-सहा वेळा पूर्ण आतबाहेर करून आवाज ऐका. एक फोटो पांढऱ्या भिंतीचा झूम करून काढा, एक उन्हात, एक फ्लॅशचा. लेन्समध्ये फोनचा टॉर्च मारून तंतू शोधा. बॅटरी काढून पुन्हा घाला, तारीख टिकली का बघा. चपटी बॅटरी असेल तर तिचा चार्जर आहे का ते आधी विचारा, कारण बऱ्याच जुन्या मॉडेलांत बॅटरी कॅमेऱ्याच्या आत चार्ज होतच नाही, आणि काही मॉडेलांचे चार्जर आता कॅमेऱ्यापेक्षाही शोधायला अवघड झाले आहेत.